खाचरातील जीवांचा जमाखर्च
भातावरील किडी वाढतात कशा आणि घटतात कशा

शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पायथ्याचे दोन तालुके. एकीकडे माहुलीचा डोंगर, दुसरीकडे माळशेज घाटाचे कडे आणि मधल्या प्रदेशात भातसा, काळू व शाई या नद्यांच्या खोऱ्यांत पायरीपायरीने उतरत गेलेली भाताची खाचरे, असे या भागाचे रूप आहे. पाऊस भरपूर, परंतु तो चार महिन्यांतच पडून जातो. त्यामुळे बहुतेक कुटुंबांची वर्षाची बेगमी खरिपाच्या एकाच भातपिकावर अवलंबून असते. हे पीक हातचे गेले तर त्याची भरपाई मागाहून घेतलेल्या वालाने किंवा हरभऱ्याने होत नाही.

अशा या पिकावर एखाद्या वर्षी कीड पडते. श्रावणात हिरवेगार दिसणारे खाचर ऐन लोंबी भरण्याच्या वेळी मधूनमधून गोल चट्ट्यांनी पिवळे पडते, आणि पाहता पाहता ते चट्टे भाजल्यासारखे तपकिरी होऊन एकमेकांस मिळतात. “कीड एका रात्रीत आली,” असे शेतकरी म्हणतात. कित्येकदा “औषध मारले, तरी कीड वाढलीच,” अशीही तक्रार ऐकू येते. पहिले म्हणणे खरे नाही. दुसरे मात्र पुष्कळदा खरे असते आणि त्याला कारणही आहे. ही दोन्ही कोडी उलगडण्यासाठी सजीवांची संख्या कोणत्या नियमांनी वाढते व घटते हे समजून घेणे आवश्यक आहे. नियम थोडे आहेत, आणि ज्याला जमाखर्च लिहिता येतो त्याला ते कळण्यासारखे आहेत.

१. चार खात्यांची वही

एखाद्या खाचरात एका जातीचे जेवढे जीव एका वेळी असतात, त्यांना त्या जातीची जीवसंख्या म्हणतात. ही संख्या चारच कारणांनी बदलते. नवे जीव जन्मास येतात आणि बाहेरून काही जीव येऊन राहतात, ही झाली जमेची बाजू. काही जीव मरतात आणि काही दुसरीकडे निघून जातात, ही खर्चाची बाजू. जमा खर्चाहून अधिक असेल तर संख्या वाढते, उणी असेल तर घटते, आणि दोन्ही बाजू सारख्या असतील तर संख्या स्थिर राहते.

हे इतके उघड आहे की ते सांगण्याचे प्रयोजन काय, असे कोणास वाटेल. परंतु किडीचा विचार करताना आपण सहसा एकाच खात्याकडे पाहतो, ते म्हणजे मृत्यूचे. फवारणी केली, कीड मेली, काम झाले, असे आपण समजतो. उरलेल्या किडीला किती पिल्ले होणार, शेजारच्या खाचरातून किती कीड येणार, आणि फवारणीपूर्वी कीड मारण्याचे काम फुकट करणारे कोण होते, या गोष्टी वहीत लिहिल्याच जात नाहीत. हिशेब चुकतो तो येथे.

२. मुद्दल, व्याज आणि व्याजावर व्याज

जीवसंख्येची वाढ बेरजेने होत नाही, गुणाकाराने होते. चक्रवाढ व्याजाचे कर्ज ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा प्रकार निराळा समजावून सांगावयास नको. पहिल्या वर्षीचे व्याज दुसऱ्या वर्षी मुद्दल बनते आणि त्याच्यावरही व्याज चढते. तद्वत आज जन्मलेली मादी महिन्याने स्वतःच अंडी घालू लागते.

तपकिरी तुडतुड्याचे उदाहरण घ्यावे. हा लहानसा कीटक भाताच्या चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या वर, सावलीत राहून रस शोषतो. एक मादी साधारणपणे २०० ते ३०० अंडी घालते. ती अंडी पानाच्या आवरणाच्या आत खुपसलेली असतात. सात ते नऊ दिवसांत पिल्ले बाहेर पडतात, पाच वेळा कात टाकतात आणि सुमारे दोन आठवड्यांत प्रौढ होतात. अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंतचा फेरा २५ ते ३० दिवसांत पूर्ण होतो. म्हणजे भातपिकाच्या हंगामात या किडीच्या तीन पिढ्या सहज होतात.

आता हिशेब करू. एक नर व एक मादी यांच्यापासून सुरुवात झाली, मादीने २०० अंडी घातली, त्यांतून निम्म्या माद्या निघाल्या आणि एकही जीव मेला नाही असे समजू. पहिल्या पिढीत २०० तुडतुडे होतील. त्यांतील १०० माद्या प्रत्येकी २०० अंडी घालतील, म्हणून दुसऱ्या पिढीत २०,००० होतील. तिसऱ्या पिढीत ही संख्या २०,००,००० होईल. एका जोडप्यापासून तीन महिन्यांत वीस लाख!

या हिशेबावरून “एका रात्रीत कीड आली” या समजुतीचा उलगडा होतो. कीड आलेली नसते, ती जुलैपासून खाचरातच असते. पहिल्या दोन पिढ्यांत ती डोळ्यांत भरत नाही, कारण तिचे मुद्दल लहान असते. वाढीचा वेग मात्र तेव्हाही तोच असतो. शेवटच्या पिढीत जी भर पडते ती आधीच्या सर्व पिढ्यांच्या बेरजेहून मोठी असल्यामुळे ती अचानक आल्यासारखी वाटते.

३. वाढीला बांध कोण घालते?

जीवांची वाढ अशी अनिर्बंध चालू राहिली असती तर पृथ्वीवर उभे राहण्यास जागा उरली नसती. इंग्लंडमधील टॉमस माल्थस यांनी १७९८ साली आपल्या निबंधात या गोष्टीकडे लक्ष वेधले की, जीव गुणाकाराने वाढू पाहतात, परंतु अन्न त्या वेगाने वाढत नाही. पुढे १८३८ साली बेल्जियममधील गणिती व्हेरहुल्स्ट यांनी या अडखळत्या वाढीचे गणित मांडले. प्रारंभी वाढ मंद दिसते, मधल्या काळात ती झपाट्याने होते आणि मर्यादा जवळ येताच ती पुन्हा मंदावून थांबते.

याचे प्रात्यक्षिक प्रत्येक घरात रोज रात्री होते. कोमट दुधात चमचाभर विरजण घातले की त्यातील सूक्ष्म जीवाणू वाढू लागतात. पहिला तास-दोन तास दुधात काही फरक दिसत नाही. मग ते वेगाने आंबट होत जाते आणि सकाळपर्यंत दही लागते. जीवाणूंनी निर्माण केलेले आम्लच त्यांच्या वाढीला आवर घालते. चक्रवाढ व्याजाला जुन्या व्यवहारात दामदुपटीच्या नियमाने अटकाव केला होता. जीवांच्या वाढीलाही निसर्गात असाच अटकाव आहे, मात्र तो एक नाही, अनेक आहेत.

पहिला अटकाव अन्नाचा व जागेचा. खाचरात दाटी झाली की तुडतुड्यांची पिल्ले नीट पोसत नाहीत. या कीटकात एक नवलाची गोष्ट दिसते. कोवळे, रसदार पीक मुबलक असते तेव्हा पुष्कळ माद्या आखूड पंखांच्या निपजतात. त्यांना दूर उडता येत नाही, परंतु त्या अंडी भरपूर घालतात. पीक जुने झाले व दाटी वाढली की लांब पंखांचे तुडतुडे निपजू लागतात आणि ते उडून दुसऱ्या खाचरात जातात. म्हणून गावात हळवे भात कापले गेले की निमगरव्या व गरव्या भातावर भार वाढण्याचा संभव असतो. एकाच्या वहीतील खर्च दुसऱ्याच्या वहीत जमा होतो.

दुसरा अटकाव हवामानाचा. मुसळधार पावसात कित्येक पिल्ले धुऊन जातात. उलट, पाऊस ओसरून ऊन व दमट हवा यांचा मेळ जमला, खाचरात पाणी साचून राहिले आणि पीक दाट असले, की तुडतुड्यांना हवे तसे वातावरण मिळते. युरियाच्या जादा मात्रेने पीक लुसलुशीत होते, तेही त्यांना मानवते.

तिसरा अटकाव शत्रूंचा. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो राखणे किंवा मोडणे बरेचसे त्याच्याच हाती असते.

४. शंभरांतील किती मरतात?

वर सांगितलेला वीस लाखांचा हिशेब प्रत्यक्षात कधीच घडत नाही, कारण बहुतेक अंडी व पिल्ले वाढ पूर्ण होण्यापूर्वीच मरतात. प्रश्न असतो तो शंभरांतील किती मरतात हा. २०० अंड्यांचाच हिशेब पुढे चालवू आणि तीन वेगवेगळ्या परिस्थितींत एका जोडप्याचे काय होते ते पाहू.

शंभरांतील ९९ मेल्यास २०० पैकी २ उरतात. दोघांच्या जागी दोन येतात आणि संख्या पिढ्यान्‌पिढ्या २ च राहते.

शंभरांतील ९८ मेल्यास ४ उरतात. दर पिढीस संख्या दुप्पट होते: २, ४, ८, १६.

शंभरांतील ९५ मेल्यास १० उरतात. दर पिढीस संख्या पाचपट होते: २, १०, ५०, २५०.

या आकड्यांवर वाचकांनी थोडे थांबावे. ९५ आणि ९८ यांत फरक फक्त तीनचा आहे. शंभरांतील पंचाण्णव मेले म्हणजे कीड संपलीच, असे कोणालाही वाटेल. परंतु तीन पिढ्यांनंतर एका खाचरात १६ तुडतुडे असतात आणि दुसऱ्यात २५०.

हेच चुडांच्या मापाने पाहू. समजा, लावणीनंतर दहा चुडांमागे १ तुडतुडा आहे. शंभरांतील ९८ मरत असतील तर तीन पिढ्यांनंतर दहा चुडांमागे ८ तुडतुडे होतील, म्हणजे चुडास एकही पुरता नाही. अशा खाचरात फवारणीची गरजच नाही. शंभरांतील ९५ मरत असतील तर दोन पिढ्यांनंतर चुडास अडीच आणि तीन पिढ्यांनंतर चुडास साडेबारा तुडतुडे होतील. चुडास ५ ते १० तुडतुडे ही नुकसानीची पातळी समजली जाते, ती ओलांडली गेली. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. हळवे भात दोन पिढ्यांच्या आत कापणीस येऊन सुटते, तर गरवे भात तिसऱ्या पिढीच्या तावडीत सापडते.

५. फुकटचे राखणदार

शंभरांतील शेवटचे तीन-चार कोण मारतात? खाचरात उतरून चुडाच्या बुंध्याशी निरखून पाहिले तर ते दिसतात. पाण्याच्या कडेने धावणारा लांडगा कोळी दिवसाकाठी अनेक तुडतुडे खातो. हिरवट रंगाचा लहानसा मिरीड ढेकूण आवरणातील अंडी सोंडेने शोधून शोषतो. चतुर व टाचण्या उडते कीटक टिपतात. बेडूक रात्रंदिवस भक्षण करीत असतात. भारतातून बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ साली बंद करण्यात आली, तिच्यामागे हा विचारही होता. याशिवाय अंड्यांतच आपली अंडी घालणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्या असतात, त्यांना परोपजीवी कीटक म्हणतात. हे सर्व मिळून पिकाची जी राखण करतात तिची मजुरी कोणी मागत नाही.

आता गरज नसताना फवारणी केली तर काय होते ते पाहावे. औषध उघड्यावर फिरणाऱ्या जीवांना आधी लागते. कोळी व ढेकूण मरतात. तुडतुडेही पुष्कळ मरतात, परंतु आवरणाच्या आतील अंडी सुरक्षित राहतात. आठवड्याभरात ती फुटतात आणि पिल्ले बाहेर येतात ती राखणदार नसलेल्या खाचरात. कोळ्यांची संख्या पुन्हा भरून येण्यास तुडतुड्यांहून अधिक काळ लागतो, कारण जो जीव दुसऱ्याला खाऊन जगतो त्याची वाढ नेहमी खाद्याच्या मागून होते. शंभरांतील ९८ मरत होते ते आता ९५ च मरू लागतात. “औषध मारले, तरी कीड वाढलीच” या तक्रारीचे मर्म हे आहे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांच्या फवारणीनंतर तुडतुडे उलट वाढल्याचे अनेक ठिकाणी आढळले आहे.

या गोष्टीचे गणित एका निराळ्याच प्रदेशात सुटले. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१४ ते १९१८ या वर्षांत, आड्रियाटिक समुद्रातील मासेमारी फार कमी झाली होती. त्या वर्षांत बाजारात आलेल्या माशांत मुशीसारख्या भक्षक माशांचे प्रमाण वाढलेले दिसले. असे का व्हावे, हा प्रश्न जीवशास्त्रज्ञ दांकोना यांनी इटलीतील थोर गणिती व्होल्तेरा यांना विचारला. १९२६ साली व्होल्तेरा यांनी त्याचे उत्तर मांडले. अमेरिकेत लोट्का हेही १९२५ साली स्वतंत्रपणे तशाच गणितापर्यंत पोहोचले होते. निष्कर्ष असा की, भक्षक व भक्ष्य दोघांनाही सरसकट मारले तर नुकसान भक्षकाचे होते आणि भक्ष्य वाढते. मारणे थांबविले तर भक्षक सावरतो. जाळ्याऐवजी पंप आणि माशांऐवजी तुडतुडे घेतले की तो निष्कर्ष भाताच्या खाचरास जसाच्या तसा लागू पडतो.

केरळात १९७३-७४ साली तपकिरी तुडतुड्यांचा मोठा उद्रेक झाला. इंडोनेशियात त्याच दशकात वारंवार फवारणी होऊनही ही कीड आटोक्यात येईना. अखेर १९८६ साली तेथील सरकारने भातावर वापरल्या जाणाऱ्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि शेतकऱ्यांना खाचरात उतरून कीड व मित्रकीटक मोजण्याचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. त्यानंतर भाताचे उत्पादन घटले नाही.

याचा अर्थ औषध कधीच वापरू नये असा नव्हे. नुकसानीची पातळी खरोखर ओलांडली असेल तर शिफारस केलेले औषध, शिफारस केलेल्या मात्रेत, चुडाच्या बुंध्यावर पडेल असे फवारलेच पाहिजे. परंतु तो शेवटचा उपाय आहे. त्याआधी खाचरातील पाणी ३-४ दिवस काढून टाकणे, युरियाची मात्रा आवरणे आणि लावणी दाट न करणे हे उपाय करावेत. चारसूत्री पद्धतीत १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटूनपालटून अंतराने लावणी करतात, तिच्यामुळे बुंध्याशी हवा व ऊन पोहोचते आणि पाहणीही सोपी होते.

६. खोडकिडा: मुद्दल लहान असताना फेडावे

खोडकिड्याची मादी पतंग पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्याने अंडी घालते व त्यांवर पिवळसर तपकिरी केसांचे आवरण घालते. आठवड्याभरात अळ्या निघून खोडात शिरतात. फुटवे येण्याच्या काळात गाभा सुकतो, त्यास गाभेमर म्हणतात. लोंबी बाहेर पडण्याच्या वेळी कीड लागली तर लोंबी पांढरी व पोचट निघते, तिला पळींज म्हणतात. गाभेमर दिसताच घाबरून जाऊ नये. फुटव्याच्या काळात थोडे फुटवे मेले तरी रोप नवे फुटवे काढून भरपाई करते. म्हणून शंभर फुटव्यांमागे ५ पर्यंत कीडग्रस्त फुटवे असल्यास फवारणीची घाई करावयाची नसते. पळींजाची भरपाई मात्र होत नाही.

या किडीच्या वहीत सर्वांत कमी शिल्लक कधी असते? भात कापल्यानंतर. तेव्हा तिच्या अळ्या धसकटांच्या बुडाशी निपचित पडून पुढील हंगामाची वाट पाहतात. हिशेब असा की, एका गुंठ्यातील धसकटांत १० अळ्या जिवंत राहिल्या तर एकरी ४०० होतात. त्यांतून २०० माद्या निघाल्या आणि प्रत्येकीने १०० अंडी घातली तर पावसाळ्याच्या तोंडी २०,००० अंडी होतात. या वीस हजारांच्या मागे धावण्यापेक्षा चारशेंचा निकाल लावणे सोपे आहे. त्यासाठी कापणी जमिनीलगत करावी, लगेच नांगरट करावी आणि धसकटे वेचावीत. वेचलेली धसकटे राब भाजण्यास वापरता येतात. लावणीपूर्वी आवणाच्या मुठीचे शेंडे छाटले तर शेंड्यावरील अंडीपुंज जातात. छाटलेले शेंडे खाचरात टाकू नयेत.

जेथे कालव्याचे किंवा विहिरीचे पाणी मिळते तेथे उन्हाळी भात होते. तेथे किडीला उपासाचे महिने राहत नाहीत आणि वहीतील शिल्लक कधीच तळाला जात नाही. अशा गावी धसकटांची व्यवस्था दुप्पट काळजीने करावी लागते. पतंगांची चाहूल घेण्यासाठी कामगंध सापळे लावावेत. ट्रायकोग्रामा या परोपजीवी कीटकाची अंडी असलेली कार्डे वापरावयाची असल्यास त्या सुमारास फवारणी करू नये, नाही तर पैसे देऊन आणलेले राखणदार आपणच मारल्यासारखे होईल.

७. उंदीर: एकट्याचे नव्हे, गावाचे काम

शेतातील उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, एका वेतात पुष्कळदा ६ ते ८ पिल्ले होतात आणि ती पिल्ले तीन महिन्यांत वयात येतात. अन्न भरपूर झाले तर काय होते याचे मोठे उदाहरण मिझोरामात आहे. तेथील एका जातीच्या बांबूला सुमारे ४८ वर्षांनी एकदम फुलोरा येतो. बांबूच्या बियांवर उंदीर बेसुमार वाढतात आणि बी संपले की ते शेतांवर तुटून पडतात. १९५९ च्या सुमारास त्यामुळे दुष्काळ पडला, आणि २००७ च्या आसपास हेच चक्र पुन्हा फिरले.

आपल्याकडे हे चक्र वर्षाचे आहे. कापणीच्या वेळी बांधांत धान्य साठते व उंदीर वाढतात. उन्हाळ्याअखेर अन्न संपून ते सर्वांत कमी असतात. म्हणून मोहीम मे-जून महिन्यांत, पहिल्या पावसापूर्वी घ्यावी. ती एकट्याने घेऊन उपयोग नाही. एका शेतकऱ्याने आपले बांध मोकळे केले तर रिकाम्या बिळांत शेजारचे उंदीर येऊन राहतात, आणि दाटी कमी झाल्यामुळे उरलेल्यांची पिल्लेही अधिक जगतात. जन्म व आगमन ही दोन्ही खाती तेव्हा भरून वाहतात. सर्व शिवारात एकाच आठवड्यात काम झाले तर आगमनाचे खाते बंद होते.

मोजणीची रीत सोपी आहे. संध्याकाळी बांधांवरील सर्व बिळे मातीने बुजवावीत आणि सकाळी जी उघडलेली आढळतील तीच जिवंत समजावीत. बिळे ओळखण्याचे व खणण्याचे कौशल्य या दोन्ही तालुक्यांतील कातकरी बांधवांकडे पिढीजात आहे. त्यांना रीतसर मजुरी देऊन या कामात घ्यावे. विषारी आमिष वापरावयाचे असल्यास आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष द्यावे, कारण एकदा दुखावलेला उंदीर ते आमिष पुन्हा खात नाही. आमिष मुलांच्या, गुरांच्या व कोंबड्यांच्या हाती लागू देऊ नये. ज्या बिळांत विष घातले असेल त्यांतील उंदीर कोणीही खाऊ नयेत, याची सूचना वाडीवर आगाऊ द्यावी. धामण व घुबड हे उंदरांचे मोठे शत्रू आहेत. धामणीस मारणे म्हणजे स्वतःच्या कणगीस भोक पाडणे होय.

८. खाचराची वही कशी ठेवावी?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील चार-पाच खाचरे निवडून शेतकऱ्यांसह दर आठवड्यास एकाच दिवशी सकाळी पाहणी करावी. बांधाजवळची जागा सोडून खाचरातून तिरपे चालत जावे व वाटेत न निवडता २० चूड पाहावेत. चूड हलकेच वाकवून बुंध्यावर थाप मारावी आणि पाण्यावर पडलेले तुडतुडे मोजावेत. वहीत पाच रकाने ठेवावेत: तारीख, एकूण तुडतुडे, एकूण कोळी व मिरीड ढेकूण, शंभर फुटव्यांमागे कीडग्रस्त फुटवे, आणि शेरा.

एका दिवसाच्या आकड्याने निर्णय घेऊ नये. आकडा कोणत्या दिशेने जात आहे हे पाहावे. वीस चुडांत गेल्या आठवड्यात ३० तुडतुडे व १० कोळी होते आणि या आठवड्यात ३२ तुडतुडे व १६ कोळी असतील, तर राखणदार कामावर आहेत असे समजून फवारणी थांबवावी. तेच ३० चे ९० झाले आणि कोळी दोनच उरले, तर चुडास सरासरी साडेचार तुडतुडे झाले म्हणून समजावे. पाणी त्वरित काढावे, तीन दिवसांनी पुन्हा मोजावे आणि पातळी ओलांडल्यास फवारणी करावी. औषधांच्या शिफारशी बदलत असतात. त्यासाठी कृषी विभागाच्या तालुका कार्यालयात, १९१९ पासून काम करीत असलेल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्राकडे किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे चौकशी करावी.

९. सारांश

(१) कीड गुणाकाराने वाढते, म्हणून ती थोडी असतानाच तिचा विचार करावा.

(२) शंभरांतील किती मरतात यातील दोन-तीनच्या फरकावर पिकाचे भवितव्य ठरते. तो फरक बहुधा मित्रकीटकांचा असतो.

(३) अकारण फवारणीने कीड व राखणदार दोघेही मरतात, परंतु आधी सावरते ती कीड.

(४) कापणीनंतरची धसकटे आणि पावसाळ्यापूर्वीची बिळे, या दोन ठिकाणी किडीचे मुद्दल सर्वांत लहान असते.

(५) तुडतुडे व उंदीर बांध ओळखीत नाहीत, म्हणून गावाने एकत्र काम करावे.

(६) मोजल्यावाचून फवारू नये.

चर्चेसाठी प्रश्न

(१) एका मादीने २०० अंडी घातली आणि शंभरांतील ९७ मेले, तर चार पिढ्यांनंतर एका जोडप्याचे किती जीव होतील?

(२) आपल्या गावात हळवे, निमगरवे व गरवे भात कोणत्या खाचरांत आहे? हळव्याची कापणी झाल्यावर तुडतुडे कोठे जाण्याचा संभव आहे?

(३) गेल्या हंगामात गावात झालेल्या फवारण्यांपैकी किती मोजणी करून झाल्या? त्या फवारणीनंतर दोन आठवड्यांनी कीड कमी होती की अधिक?

(४) येत्या मे महिन्यात बिळांची मोजणी करण्याचा दिवस गावाने कोणता ठरवावा?